पेट्यांमधलं शहर: व्हिव्हियन मायरचं प्रदर्शन बघून आले, आता आपल्या सोलापूरच्या निगेटिव्हांचं काय करायचं?

साखरपेठची_सून

नमस्कार मंडळी. यंदा जुलै-ऑगस्ट लेकीकडे अमेरिकेत एडिसनला होते. परत येऊन गौरी-गणपती झाले, नवरात्र झालं, तरी तिकडे बघितलेली एक गोष्ट डोक्यातनं जाईना म्हणून आज बसून लिहितेय. मोठं झालंय, सवडीनं वाचा.

न्यूयॉर्कला पार्क अव्हेन्यू साउथवर फोटोग्राफिस्का म्हणून फोटोंचं म्युझियम होतं, सप्टेंबरअखेर ती जागा बंद झाली, आम्ही वेळेत पोचलो म्हणायचं. तिथं व्हिव्हियन मायर या बाईच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन होतं, ३१ मे ते २९ सप्टेंबर २०२४. दोनशेच्या आसपास फोटो, शिवाय तिनं घेतलेल्या छोट्या फिल्म. लेक म्हणाली आई तुला कंटाळा येईल, तासाभरात निघू. अडीच तासांनी तीच म्हणायला लागली चल आता, ट्रेन चुकेल.

ही मायर म्हणजे चाळीसेक वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी बाई. १९२६ ला न्यूयॉर्कमध्ये जन्म, आई फ्रेंच, लहानपणाचा काही काळ फ्रान्समधल्या डोंगराळ खेड्यात. १९५१ ला न्यूयॉर्कला परत आली आणि १९५६ पासून शिकागो. लोकांच्या घरी राहायचं, मुलांचं करायचं आणि त्याच मुलांचा हात धरून शहरभर हिंडायचं, गळ्यात कायम रोलिफ्लेक्स कॅमेरा. एक लाखाच्या वर फोटो काढले तिनं आणि जवळपास कुणालाच दाखवले नाहीत. शेकडो रोल तर धुतलेच नाहीत, तसेच डब्यांत पडून. १९५९-६० ला एकटी जगप्रवासाला निघाली होती, त्यात आपल्या भारतातही येऊन गेली.

आणि हे सगळं जगासमोर आलं कसं ते ऐका. म्हातारपणी हातात पैसा नव्हता, सामान भाड्याच्या गोदामात ठेवलेलं, भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये पेट्या लिलावात निघाल्या. जॉन मलूफ नावाच्या एका तरुणाला शिकागोतल्या आपल्या भागावर पुस्तक करायचं होतं, जुने फोटो मिळतील या आशेनं त्यानं एक पेटी चारेकशे डॉलरला घेतली, आत तीसेक हजार निगेटिव्ह. पुस्तकाला त्यांचा उपयोग झालाच नाही. पुढं २००९ च्या एप्रिलमध्ये त्यानं नेटवर तिचं नाव टाकलं तर काही दिवसांपूर्वीच ती वारल्याची बातमी निघाली. म्हणजे आपल्या पेट्या विकल्या गेल्या तेव्हा ती बाई हयात होती, त्याच परिसरात. हे वाचून मी तिथल्या बाकावर बसलेच.

फोटोंबद्दल काय सांगू. रस्त्यावरची माणसं, रडणारी पोरं, पाठमोऱ्या बाया, पाठीमागं बांधलेले हात. स्वतःचेही भरपूर काढलेत पण आरशात, दुकानाच्या काचेत नाहीतर गवतावर पडलेली टोपीवाली सावली. एका फोटोत माणूस भला मोठा आरसा उचलून नेतोय आणि त्या आरशात ही उभी, कॅमेरा पोटाशी. एका म्हाताऱ्या बाईनं पर्स दोन्ही हातांनी अशी धरलेली की मला तिथं चाटी गल्लीत उभी असलेली माझी सासू दिसली, वायरची पिशवी पोटाशी धरून. सासूबाईंचा असा फोटो आमच्याकडे नाही. लग्नातला आहे, सत्यनारायणातला आहे, बाजारात उभी असलेली ती कुठंच नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ होता, नाव लिहू नको असं खुद्द मालक अण्णांनी बजावलंय. अण्णा आता ८४ वर्षांचे. लग्नाचे, शाळेचे, पासपोर्टचे फोटो हा धंदा, पण गिऱ्हाईक नसेल तेव्हा सायकलला कॅमेरा लावून हिंडायचे. गड्ड्यातले म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतले पाळणे, मिल सुटल्यावरचा लोंढा, पार्क मैदानावरची मॅच, कंबर तलावातल्या म्हशी, सगळं काढलेलं. मुलं पुण्याला, दिवाळीनंतर घर पाडून बिल्डरला द्यायचंय. माळ्यावर पत्र्याचे अकरा डबे आहेत, बिस्किटांचे आणि गोडेतेलाचे. भंगारवाला येऊन बघून गेला, एक्सरे घेतो त्या भावानं घेतो म्हणाला, त्यातनं चांदी निघते.

अण्णांना म्हणलं मला पंधरा दिवस द्या. त्यातले तीन गेले. काय करू सांगा.

कन्नाचौक_कट्टा

ताई अंगावर काटा आला वाचून. भंगारवाल्याला हात लावू देऊ नका, लागलं तर आमच्या घरी आणून ठेवा, टेम्पो हाय माझ्याकडं. आपण सोलापूरकर गड्ड्याला दरवर्षी हजार फोटो मारतो मोबाईलमध्ये, २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तर अख्खं गाव शूटिंग करत उभं होतं, पण माझा आजा नरसिंग गिरजी मिलमध्ये २६ वर्षं कामाला होता त्याचा मिलच्या गेटवरचा एक फोटो शोधून मिळंना मला. तेवढं एक सांगा की कुणीतरी, तो पोटाशी धरायचा रोलिफ्लेक्स कॅमेरा म्हणजे कसला?

हायपोचा_वास

मी डार्करूममध्ये ३१ वर्षं काढली, आधी नोकरी मग स्वतःचं. उत्तर देतो.

रोलिफ्लेक्सला वर-खाली दोन भिंगं. वरच्यातनं आपण बघायचं, खालच्यातनं फोटो निघतो. गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं, चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळं चालत्या माणसामागं कॅमेरा फिरवायला हात बसावा लागतो. पण फायदा मोठा. समोरच्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही, कॅमेरा तोंडासमोर येत नाही, माणूस बिचकत नाही. आणि पोटाच्या उंचीवरनं घेतल्यानं लहान पोर पोराच्या उंचीचं दिसतं, मोठा माणूस जरा भारदस्त. १२० चा रोल, सहा बाय सहा सेंटीमीटरच्या चौकोनी फ्रेमा, रोलला बाराच. मायरबाई एका गोष्टीचा बहुतेक एकच फोटो घ्यायच्या म्हणतात, त्यामागं ही बाराची शिस्तही असणार. आम्ही तेराव्या फोटोसाठी दुसरा रोल मागायला गेलो की मालक दारातनं परत पाठवायचे.

आता डब्यांचं. घाई करू नका आणि माळ्यावर अजून एक दिवसही ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको, खालच्या खोलीत जिथं भिंतीला ओल नाही तिथं उतरवा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म सडायला लागलीय असं समजा, ती वेगळ्या खोलीत, कारण तो वायू शेजारच्या फिल्मलाही खातो. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ अशी इंग्रजी अक्षरं दिसतात का बघा. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल आणि ही अक्षरं नसतील तर नायट्रेट असू शकते, ती भस्सकन पेटते, तिच्याजवळ समई-उदबत्ती काही नको आणि उन्हात तर मुळीच घालू नका. काचेच्या निगेटिव्ह निघाल्या तर ताटांसारख्या एकावर एक न ठेवता उभ्या ठेवा, दोन चिकटलेल्या असतील तर सोडवायला जाऊ नका. फडक्यानं पुसायचं नाही, पाण्यात घालायचं नाही, कडेला धरायचं, धूळ फुंकायची ती रबरी फुग्यानं, तोंडानं फुंकलं की थुंकी उडते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाकिटं टाकू नका. जुन्या पाकिटावर पेन्सिलीनं नंबर, नाव, तारीख काहीतरी असतंच. पाकीट गेलं की फोटोतला माणूस अनोळखी होतो. नवीन ठेवायला साधे कागदी लखोटे चालतील, प्लास्टिकची पिशवी नको. स्कॅनिंगला महागडं मशीन लागत नाही, खालून उजेड देणारी लाइट पॅड, त्यावर निगेटिव्ह, वर स्टँडला कॅमेरा मॅक्रो लेन्स लावून, आणि कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं. लाइट पॅड आणि स्टँड माझ्याकडे आहे. रविवारी येतो.

विजापूर_रोड_७

हे लिहू का नको विचार करत दोन दिवस काढले.

आमच्या वडिलांचाही स्टुडिओ होता. गावाचं नाव सांगत नाही, सोलापूर जिल्ह्यातलंच तालुक्याचं ठिकाण. ते गेल्यावर दुकानाची जागा मालकाला परत द्यायची होती, मी तेव्हा २९ वर्षांचा, नोकरी चाकणला, रजा चार दिवसांची. निगेटिव्हची आठ पोती भरली. एकजण आला, वजन केलं, २३०० रुपये दिले. तो पोती उचलत होता तेव्हा एका पोत्याच्या भोकातनं एक निगेटिव्ह खाली पडली, मी ती उचलून पोत्यात परत टाकली. खिशात टाकली असती तरी एक राहिली असती.

आई अजून विचारते, बाबांनी वारीतले फोटो काढले होते ते कुठं आहेत रे. पंढरपूरच्या वाळवंटातले, चंद्रभागेला पूर आलेला त्या वर्षीचे. मी सांगतो शोधतो. साखरपेठ ताई, तुमचे अकरा डबे म्हणजे माझ्यासाठी ती आठ पोती आहेत. मी पुण्याहून येतोय रविवारी, काय उचलायचं असेल ते उचलतो.

बिडीची_पाटी

मी वेगळं बोलणार आहे, रागावू नका. माझी आई चाळीस वर्षं बिडी वळत होती, पूर्व भागात आमच्या सगळ्या गल्लीतल्या बायका वळायच्या. पान-तंबाखू आणायचं, घरी मांडीवर सूप घेऊन बसायचं, हजार बिडी झाली की पाटी डोक्यावर घेऊन जमा करायला जायचं. त्या वेळी रस्त्यात कुणी कॅमेरा धरला तर आई पदर ओढून तोंड फिरवायची. तिला आपला तसला फोटो नको होता. नव्या साडीतला हवा होता, स्टुडिओतल्या पडद्यासमोरचा.

म्हणून विचारते. मायरबाईंनी आपले फोटो कुणाला दाखवले नाहीत, मग त्या गेल्यावर जगभर लावायचे हे त्यांना चाललं असतं का? आणि त्यातल्या माणसांना? आपण अण्णांचे डबे वाचवू, वाचवायलाच पाहिजेत, पण उद्या कुणीतरी माझ्या आईचा घामेजलेला चेहरा ‘जुनं सोलापूर’ म्हणून फॉरवर्ड करेल आणि तिला ते तिच्या नातीच्या मोबाईलवर बघावं लागेल.

साखरपेठची_सून

राग कसला, बरं झालं लिहिलंत. तिथं उभी असताना मलाही हेच वाटलं होतं. दुकानदारांना ती नाव विचारलं की स्मिथ म्हणून सांगायची, स्वतःच्या खोलीला कुलूप लावायची, एवढी स्वतःला जपणारी बाई. माझं मत सांगते. तिनं फोटो जाळले नाहीत. पैसे नसताना जमेल तोवर गोदामाचं भाडं भरत राहिली. ज्यांना लहानपणी तिनं सांभाळलं त्या तीन भावांनी तिच्या म्हातारपणी घराचं भाडं भरलं, पण या पेट्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. ज्याला नकोसं असतं तो माणूस इतकं वागवत नाही. पण तुमचा प्रश्न फोटोतल्यांचा आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुम्ही रविवारी याच. कुठला फोटो बाहेर जायचा आणि कुठला नाही हे ठरवताना तुम्ही हव्यात.

सातरस्ता_वकील

कायद्याचं थोडं सांगतो कारण नंतर भांडणं होतात. मायरच्या बाबतीत झालीच. निगेटिव्ह विकत घेतली म्हणजे कॉपीराइट आला असं होत नाही. २०१४ मध्ये तिचे वारस कोण यावरून प्रकरण कोर्टात गेलं, मग तिथल्या काउंटीनं म्हणजे जिल्हा प्रशासनानं तिच्या मालमत्तेचा ताबा बघायला घेतला आणि २०१६ ला मलूफशी तडजोड झाली.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा. कलम १७ नुसार पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर त्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक, फोटोग्राफर नाही. म्हणजे अण्णांच्या डब्यातले लग्नाचे आणि स्टुडिओतले फोटो अण्णांच्या ताब्यात असले तरी हक्क त्या त्या लोकांचे. सायकलवर हिंडून स्वतःच्या मनानं काढलेले मात्र अण्णांचे. मुदत फोटो काढणारा गेल्यापासून ६० वर्षं, आणि अण्णा तर आपल्यात आहेत. तेव्हा दोन ढीग करा. अण्णांकडून साध्या कागदावर लिहून घ्या की शहरातले फोटो स्कॅन करायला, दाखवायला परवानगी आहे, दोन्ही मुलांच्या सह्या घ्या. मसुदा मी करून देतो, फी नको.

जुनीमिल_चाळ

माझं वय ७९. नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

जुनी मिल १८७७ ला सुरू झाली, १९६३ ला बंद पडली तेव्हा मी अठरा वर्षांचा. वडील साचेखात्यात, मागांवर. मिलचा भोंगा झाला की आई चुलीवर तवा टाकायची, घड्याळ घरात नव्हतंच. दुपारची पाळी सुटली की रस्त्यावर नुसती डोकी, टोप्या, डबे, सायकली, कपड्यांना कापसाचं पांढरं लागलेलं, भुवयांवर सुद्धा. त्यातले निम्मे तेलुगू बोलणारे, बाकी आम्ही, कानडीवाले, मुसलमान, आणि शिव्या सगळ्यांच्या सारख्या. त्या गर्दीचा फोटो असेल तर मला दाखवा. चेहरा ओळखू येईल की नाही माहीत नाही, पण चालण्यावरनं मी माणूस ओळखतो.

एक विनंती. फोटो कॉम्प्युटरवर घातले की काम झालं असं करू नका. अण्णा ८४ चे, मी ७९ चा. आम्हाला शेजारी बसवा, एकेक फोटो दाखवा आणि आम्ही बोलतो ते टेप करा. कोण, कुठला, कुणाचा जावई, हे आमच्याबरोबर जाईल.

कन्नाचौक_कट्टा

काका रविवारी सकाळी नऊला टेम्पो घेऊन तुमच्या दारात. शेंगाचटणी-भाकरी माझ्याकडनं सगळ्यांना.

साखरपेठची_सून

काल रविवार. आम्ही नऊ जण होतो, सविस्तर लिहिते.

अकराही डबे खाली उतरवले. दोन डबे गेले. उघडल्या उघडल्या आंबट वास खोलीभर, फिल्म एकमेकींना चिकटून वीट झालेली. हायपोचा_वास यांनी ते डबे बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. बाकी नऊ बरे आहेत. एक काचांचा, त्यातल्या तीन तडकलेल्या. विजापूर_रोड_७ सकाळपासून संध्याकाळपर्यंत खाली मान घालून पाकिटांचे नंबर वहीत उतरवत होते, जेवायलाही शेवटी उठले.

पाकिटं म्हणजे तुम्ही सांगितलं तसंच. पेन्सिलीनं नंबर, त्याखाली ‘शाळा ग्रुप’, ‘मुलगी दाखवणे’, ‘मयत’. एकावर नुसतं ‘बाकी २ रु.’ आत नवरा-बायको आणि तान्हं मूल. अण्णांना विचारलं, हे कोण? म्हणाले, फोटो न्यायला आलेच नाहीत.

सायकलवर हिंडून काढलेले चौथ्या डब्यात निघाले. लाइट पॅडवर पहिली पट्टी ठेवली, मोबाईलवर काळ्याचं पांढरं केलं आणि मिलचं गेट आलं. जुनी मिल नव्हे, लक्ष्मी-विष्णूचं आहे असं अण्णा म्हणतात. काका खुर्चीवरनं उठून स्क्रीनला नाक लावून बघत होते. चौथ्या फोटोत एका पाठमोऱ्या माणसावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हा लंगडत नाहीये, याच्या चपलेचा अंगठा तुटलाय. मोठं करून बघितलं तर खरंच चप्पल हातात.

बिडीची_पाटी आल्या होत्या. त्याच डब्यात पाच बायका पाट्या घेऊन चाललेल्या निघाल्या, दोघींनी पदर ओढलेला. त्यांनी तो फोटो कुणाला पाठवू दिला नाही, फक्त स्वतःच्या फोनवर घेतला आणि संध्याकाळी आईला दाखवला. रात्री त्यांचा फोन आला. आईनं आधी चष्मा पुसला, मग तेलुगूतनं तीन नावं घेतली, आणि म्हणाली उरलेल्या दोघींची नावं विजयाला विचार, ती अजून आहे. फोटो लावायचा की नाही ते त्या पाचजणींच्या घरी विचारून ठरवायचं, तोवर तो बंद.

आता तुमची मदत हवीय. पट्टी नंबर ११७, दुसरी फ्रेम. टांगा उभा आहे, घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी, टांगेवाला मागच्या सीटवर पाय वर घेऊन झोपलेला. मागं दुकानाची पाटी, त्यावर ‘सायकल मार्ट’ एवढंच वाचता येतंय, पुढचं नाव लिंबाच्या फांदीमागं गेलंय. अण्णा म्हणतात पंचकट्ट्याजवळचं असावं, काका म्हणतात नाही, तिथं लिंब नव्हता. कुणाला आठवतंय का?

बाळीवेस_जुना

वडिलांना दाखवतो. त्यांनी पंचकट्ट्याजवळ भाड्यानं सायकल घेऊन शाळा केली. तासाला दोन आणे म्हणायचे. संध्याकाळपर्यंत सांगतो.